तिन्हीकडची मागाली

त्या सकाळी चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धंच वर करून नेमेसिओ वेइसागा संगणकापुढं बसला, मेलेल्या मुलीचं नाव टाइप केलं, आणि धाकटीनंही त्याला दगा दिला. धाकटी म्हणजे तिसरं सर्च इंजिन. कंपन्यांनी ठेवलेली नावं त्याच्या जिभेवर कधी बसलीच नाहीत, म्हणून त्यानं तिघींना थोरली, मधली आणि धाकटी करून टाकलं होतं. लहानपणी त्याला अशाच तीन आत्या होत्या. गावात कुणी गेलं की तिघी मिळून मयताला जाऊन येत आणि घरी येऊन सांगायला बसत. तिघींचं ऐकलं की गावात एक नाही, तीन वेगवेगळी माणसं मेली असं वाटायचं. थोरलीला तो माणूस तापट आठवायचा, मधलीला देखणा, आणि धाकटी म्हणायची की बिचाऱ्यानं कधी मुंगीला दुखवलं नाही. नेमेसिओचा ओढा तेव्हाही धाकटीकडं होता. कालपर्यंत या धाकटीनंसुद्धा त्याचं मन राखलं होतं. मागाली वेइसागा असं विचारलं की ती सगळ्यांत आधी शाळेचं पान पुढं करायची : गोळाफेकीत कोचाबांबात पहिली, गळ्यात पदक, हसू आवरत नाही म्हणून गाल फुगवलेले. आज ते पान खाली ढकललं गेलं होतं आणि वर ‘खोऱ्याचा आवाज’ या बातम्यांच्या पोर्टलचं ते दुसरं पान येऊन बसलं होतं. थोरली आणि मधलीकडं ते आधीपासून वरच होतं. म्हणजे आता तिन्हीकडं तेच. नेमेसिओनं सवयीनं त्यावर बोट दाबलं, पान अजून जिवंत आहे एवढं पाहिलं, आणि नजर कीबोर्डकडं वळवून ते बंद केलं. बाहेर कुणीतरी शटरवर टकटक करत होतं. त्याला उठवेना.

त्या पानावर एक मथळा होता आणि मथळ्याखाली एक थिजलेलं चित्र होतं. मथळा सांगायचा की कार्निव्हलच्या नाचगाण्याहून परतणाऱ्या तरुणींची गाडी दरीत कोसळली. मागाली कुठल्याही नाचगाण्याहून परतत नव्हती. ती ओरुरोला नर्सिंग शिकत होती, शनिवारी तोंडी परीक्षा देऊन रविवारी सकाळच्या गाडीनं घरी यायला निघाली होती. पण दिवस कार्निव्हलचे होते आणि मथळा लिहिणाऱ्याला बाकी चौकशी करायची गरज वाटली नसावी. चित्रात ती रस्त्याच्या कडेला बसलेली होती, केस सुटलेले, परकर गुडघ्याच्या वर सरकलेला, तोंड थेट बघणाऱ्याकडं. चित्रावर मधोमध तो छोटा त्रिकोण होता, दाबला की व्हिडिओ चालू होतो तो. नेमेसिओनं त्या त्रिकोणाला आजवर बोट लावलं नव्हतं. इस्पितळात त्यानं तिचं तोंड पाहिलं होतं, कागदावर सही केली होती, आणि तिथून पुढं जे काही बघायचं ते शाळेच्या पानावरचं, असं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. पण जगानं तसं ठरवलेलं नव्हतं. उद्या मागालीची एखादी मैत्रीण, एखादी मास्तरीण, आठवण आली म्हणून तिचं नाव शोधेल आणि तिला आधी काय दिसेल, तर तो परकर. या एका विचारानं त्याची झोप गेली होती आणि याच विचारानं तो रोज सकाळी उठत होता.

सुरुवातीला तो एकाच ठिकाणी बघत असे. मग त्याची मेहुणी रायमुंदा, जी ब्वेनोस आयर्सला शिवणाच्या कारखान्यात आहे, ती फोनवर म्हणाली की माझ्याकडं तर शाळेचा फोटो आधी येतो. ते ऐकून नेमेसिओला जे वाटलं ते आनंदाच्या फार जवळचं होतं. म्हणजे सगळीकडं एकच दिसत नाही, ठिकाण बदललं की मुलगी बदलते, विचारणारा बदलला की उत्तर बदलतं. त्या दिवसापासून त्यानं सगळ्या नातलगांच्या मागं लकडा लावला. सांताक्रुसचा चुलतभाऊ, व्हर्जिनियात भिंती रंगवणारा भाचा, सगळ्यांनी आपापल्या फोनवर तिघींना विचारायचं आणि त्याला कळवायचं की कुठं काय वर आहे. ‘खोऱ्याचा आवाज’ दिसलं तर उघडून खात्री करायची की ते तेच आहे. लोक कंटाळले, पण बापाला नाही कोण म्हणणार? वाढदिवसाला, बारशाला, कुठंही चार जण जमले की नेमेसिओ हळूच फोन पुढं करायला सांगायचा, आणि माणसं भरल्या ताटावर मान खाली घालून मेलेल्या पोरीचं नाव लिहायची. एक गंमतही होती यात. तारिहाला दुसरी एक मागाली वेइसागा राहते, ती केक करते. मधली तिच्यावर भारी खूश. चॉकलेटचे मनोरे, बाहुलीचा घेर असलेले केक, पहिल्या वाढदिवसाचे केक. आधी नेमेसिओला या बाईचा राग यायचा, आपल्या पोरीच्या नावावर ही कोण मिरवते म्हणून. मग लक्षात आलं की तिचे केक वर चढतात तेव्हा ‘खोऱ्याचा आवाज’ खाली जातो. तेव्हापासून तो तिच्या धंद्याची बरकत चिंतू लागला. एकदा तर तिला निरोप लिहायलाही बसला होता, की ताई, जरा जास्त केक करा. मग हे वाचून ती आपल्याला वेडा समजेल असं वाटून त्यानं सगळं खोडलं. मधल्या काळात तारिहाच्या मागालीला मुलगा झाला. नेमेसिओला ते कळलं आणि त्या दिवशी दुपारी तो कारण नसताना रडला.

शटरवर टकटक करणारी बाई जुनं गिऱ्हाईक होती. ती कांचा नावाच्या बाजारात बटाटे विकते. तिचे डोळे तपासताना त्यानं नेहमीसारखी एकामागून एक भिंगं बदलली आणि विचारत गेला, हे बरं की हे, आता हे बरं की आधीचं. आयुष्यभर त्यानं हाच एक प्रश्न विचारला होता, आणि माणसं दर वेळी खरं उत्तर देतात अशी त्याची समजूत होती. बाई दोनतीनदा अडखळली. मग म्हणाली की नेमेसिओ दादा, दोन्हीत सारखंच दिसतंय, तुम्हीच काय ते ठरवा. हे ती भिंगांबद्दलच म्हणाली, पण त्याला ते तिघींबद्दलच वाटलं. त्यानं तिला चुकीचा नंबर लिहून दिला, ती दारापर्यंत गेल्यावर हाक मारून परत बोलावलं, नंबर दुरुस्त केला, आणि दुकान बंद करून टाकलं. उद्या तोदोस सांतोस होता, मेलेली माणसं घरी येतात तो सण. मागालीचा तिसरा. मेलेल्या माणसासाठी ताट मांडायचं ते तीनच वर्षं. पहिल्या वर्षी आत्मा रडत येतो म्हणतात, दुसऱ्या वर्षी रेंगाळत, आणि तिसऱ्या वर्षी त्याला खाऊपिऊ घालून, वाटेसाठी ऊस आणि पावाची शिडी देऊन कायमचा निरोप द्यायचा. त्यानंतर त्याला बोलवायचं नाही, अडवायचं नाही. आणि अशा वेळी, जायच्या आधी, तिघींनी मिळून पोरीला त्या परकरात बसवलं होतं. तिला अशी जाऊ द्यायची नाही, एवढंच नेमेसिओला कळत होतं.

सेनोबिया, त्याची बायको, या सगळ्यापासून लांब होती. लांब म्हणजे तिनं स्वतःच रेघ मारली होती. पहिल्या वर्षी त्यानं तिला संगणकापुढं बसवून शाळेचं पान दाखवलं तेव्हा ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, छान आहे, आणि उठून गेली. नंतर तो घरी येऊन सांगायचा की आज थोरलीकडं एक पायरी खाली गेलं, आज मधलीकडं वर आलं, तेव्हा ती कांदे चिरत ऐकायची. एकदाच तिचा तोल गेला. दुसऱ्या वर्षीच्या ताटापाशी प्रार्थनेला आलेली माणसं नेमेसिओच्या सांगण्यावरून फोन काढून बसली, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘अरे म्हाताऱ्या, ती इथं आलीय ना आज? मग तिला तिकडं काय शोधतोस?’’ फोन खिशात गेले. नेमेसिओला ते लागलं. त्याला वाटलं हिचं बरं आहे, हिला पीठ मळायला मिळतं, ताटासाठी बाळाच्या आकाराचे पाव करून त्यांना तोंडं चिकटवायला मिळतात, हिच्या हातांना काम आहे. माझ्या हाती काय आहे? थडगं झाडायला दोघं जातात, पण नावावर साचणारी घाण झाडायला मी एकटाच जातो. तसं तो बोलला नाही. आईबापाचं दुःख एकच असतं असं लोक म्हणतात, ते त्याला कधी पटलं नव्हतं. एकाच घरात दोन दुःखं राहत होती आणि ती एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

‘खोऱ्याचा आवाज’चं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. नेमेसिओनं याआधी तिथं पुष्कळ मेल पाठवल्या होत्या, आर्जवाच्या, मग धमकीच्या, मग पुन्हा आर्जवाच्या. पायऱ्या मात्र तो आज पहिल्यांदा चढत होता. चढताना त्यानं मनात मोठा पहिलवान उभा केला होता, सोन्याची साखळी घातलेला, आणि वर गेल्यावर त्याला भेटला तो ग्रोव्हर नावाचा, तिशी ओलांडलेला, सर्दी झालेला माणूस. खोलीत तो एकटाच होता. पोर्टलही तोच होता, असं म्हटलं तरी चालेल. नेमेसिओनं नाव सांगितल्यावर त्यानं खुर्ची पुढं केली आणि बराच वेळ नाक पुसत राहिला. मेलबद्दल त्यानं कबूलच केलं की त्या कुणी उघडत नाही. मथळ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, तेव्हा कार्निव्हल होता, आम्ही धरून चाललो. ‘‘काय धरून चाललात?’’ नेमेसिओनं विचारलं. ‘‘परीक्षा देऊन येत होती ती. शरीरशास्त्राची. पास झाली होती.’’ पास झाल्याचं पत्र नंतर घरी आलं होतं, हे नेमेसिओला सांगायचं नव्हतं, पण त्यानं तेही सांगून टाकलं, आणि मग तिघींबद्दलही सांगितलं, रायमुंदाबद्दल, केकवाल्या बाईबद्दल, रोज सकाळी आपण काय करतो त्याबद्दल. सांगता सांगता त्याला जाणवलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी येतंय.

‘‘म्हणजे ते तुम्ही आहात होय,’’ ग्रोव्हर म्हणाला. त्यानं पडदा नेमेसिओच्या बाजूला वळवला. त्यावर आकडे होते, रेघा होत्या, शहरांची नावं होती. आमची बातमी दोन दिवसांत शिळी होते, तो समजावू लागला, त्यानंतर तिच्याकडं कुत्रंही फिरकत नाही. पण हे एक पान असं आहे की रोज सकाळी कुणीतरी उघडतं, तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊन. कधी ब्वेनोस आयर्सहून, कधी सांताक्रुसहून, कधी अमेरिकेहून. आम्हाला वाटायचं कुणी वकील मागं लागलाय. ‘‘काका, त्या यंत्रांच्या पोटात नक्की काय चालतं ते मला काय, कुणालाच कळत नाही. पण माझ्या अनुभवानं सांगतो. एका नावावर दहा पानं असतील तर माणसं ज्याला हात लावतात ते वर येतं. आता तुमच्या मुलीचं नाव कोण शोधतं? तुम्ही आणि तुमची माणसं. आणि उघडता काय? हे. शाळेचं पान उघडता का कधी?’’

नेमेसिओ म्हणाला, ते कशाला उघडायचं, ते चांगलंच आहे, त्याचा फोटो बाहेरूनच दिसतो. ग्रोव्हरला आणखी काही सांगावं लागलं नाही. जे खाली ढकलायचं म्हणून तो रोज सकाळी कंबर कसून बसत होता, ते त्याच्याच बोटानं वर चढवलं होतं. रायमुंदाच्या बोटानं, भाच्याच्या बोटानं, भरल्या ताटावर मान खाली घातलेल्या सगळ्यांच्या बोटांनी. धाकटी बिचारी सगळ्यांत उशिरा नमली, एवढंच. दगा तिनं दिलाच नव्हता, तिला जे विचारलं गेलं तेच तिनं ऐकलं. त्याला लहानपणची एक जखम आठवली, गुडघ्यावरची. बरी होतेय की नाही म्हणून तो रोज खपली उचलून बघायचा, आणि आई म्हणायची की तू बघणं सोडलंस तर ती बरी होईल. तो हसला की काय कोण जाणे, कारण ग्रोव्हर घाबरून पाणी आणायला उठला. पाणी देऊन तो हळू आवाजात म्हणाला की झालं ते झालं, मी आत्ता काढून टाकतो, व्हिडिओ, मथळा, सगळं मुळासकट. माझ्याकडं याची दुसरी प्रतही नाही. काही दिवसांत तिन्हीकडून जाईल. त्यानं माऊस हातात घेतला आणि मग, बोलायचं म्हणूनच बोलावं तसं, म्हणाला, ‘‘फक्त ती दुपारची व्यक्ती तेवढी कळली नाही.’’

कुठली दुपारची, नेमेसिओनं विचारलं. ग्रोव्हर म्हणाला की सकाळचे तुम्ही, ते कळलं. तुम्ही उघडता आणि लगेच बंद करता. पण रोज दुपारी, जेवणं झाली की, आणखी एक जण येतं. ते शोधत येत नाही, सरळ येतं, फोनवरून, तुमच्याच भागातून. व्हिडिओ लावतं, शेवटपर्यंत बघतं, आणि परत लावतं. रविवारीसुद्धा. नेमेसिओच्या डोक्यात आधी तिडीक गेली. कोण हरामखोर माझ्या पोरीचे गुडघे बघत दुपार काढतो? गल्लीतल्या सगळ्या पुरुषांची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून गेली आणि प्रत्येकाला त्यानं मनातल्या मनात बुकलून काढलं. मग ती तोंडं संपली. मग त्याला स्वतःचं घर दिसलं, दुपारचं, जेवण झाल्यावरचं. तो दुकान बंद करून येतो, जेवतो, आडवा होतो. सेनोबिया भांडी उचलते, खोलीचं दार ओढून घेते, तुला उजेड लागायला नको म्हणते. मग मागच्या अंगणात तिच्या खुर्चीचा आवाज येतो. मग काहीच आवाज येत नाही. रोज. ग्रोव्हरचं बोट माऊसवर होतं. ‘‘थांब,’’ नेमेसिओ म्हणाला. ‘‘अजून काढू नकोस. मी सांगेन.’’

घरी जाताना त्यानं तीन ट्रुफी, त्या माणसं भरून नेणाऱ्या गाड्या, सोडल्या. जागा होती तरी त्याला चढवेना. फुलांचे ढीग, उसाचे भारे, पावाच्या बाळांच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळं शहर उद्याच्या पाहुण्यांच्या तयारीत होतं. तो चालत राहिला आणि स्वतःला विचारत राहिला की हिनं मला सांगितलं का नाही. तिनं रागावायचं सोडलं होतं, रडायचंही सोडलं होतं, तेव्हा त्याला वाटलं होतं की ही सावरली. बायका सावरतात असं त्याच्या मित्रांनी त्याला सांगितलं होतं. मला जे खोल पुरायचं होतं ते ही रोज उकरून बघत होती. आणि मी तरी काय करत होतो? त्याला तिचा राग यायला हवा होता, आणि तो येईना. त्याऐवजी एक विचित्र मत्सर वाटत होता, की हिच्याजवळ पोरीचं असं काहीतरी आहे जे माझ्याजवळ नाही. घरी आला तेव्हा सेनोबिया भट्टीवरून परतली होती. हाताला पीठ, कपाळाला राख. तिनं विचारलं, आज दुकान लवकर बंद केलंस? तो म्हणाला, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांचं बोलणं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मागाली आली. म्हणजे बाराचे ठोके पडले, सेनोबियानं मेणबत्त्या लावल्या, दार उघडं ठेवलं आणि ये बाई, बस, असं म्हणाली. ताट तिनं यंदा नेहमीपेक्षा मोठं मांडलं होतं. काळं कापड, पावाची बाळं, शिडी, कबुतरं, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, घडा, आणि मधोमध मागालीला आवडायचं ते शेंगदाण्याचं सूप, वाफ निघत असलेलं. प्रार्थनेला माणसं संध्याकाळी येणार होती. घरात तोवर दोघंच होती. नेमेसिओ मेणबत्त्यांकडं बघत बसला. आज ती इथं आहे असं मानायचं, तर तिच्यासमोर खोटं कसं बोलायचं? त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की मी काल त्या पोर्टलवाल्याकडं गेलो होतो. पान वर का येतं ते सांगितलं. ते माझ्यामुळं, हेही सांगितलं. मग विचारलं, ‘‘दुपारी तूच बघतेस ना?’’

सेनोबियानं हात एप्रनला पुसले. ‘‘हो,’’ ती म्हणाली. तिनं कारण दिलं नाही, माफी मागितली नाही. फोन आणला, त्याच्या शेजारी बाक ओढून बसली, आणि म्हणाली, ‘‘तू कधी बघितलं नाहीस ते मला माहीत होतं. म्हणून बोलले नाही. आज ती आहे, आज बघ.’’ नेमेसिओ नको म्हणाला. ती म्हणाली की तिथं रक्त नाही, काही नाही, मी सांगते तुला. आणि त्रिकोणावर तिनंच बोट ठेवलं.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग चित्र हललं. मागाली रस्त्याच्या कडेला बसली होती, मागं डोंगराची कापलेली बाजू, कुणाचं तरी जाकीट खांद्यावर. तिनं स्वतःच परकर खाली ओढला. थिजलेल्या चित्रात ते दिसत नव्हतं, कारण ते चित्र परकर ओढण्याच्या आधीच्या क्षणाचं होतं. चष्मा नव्हता. तिचा नंबर नेमेसिओनं स्वतः काढलेला, त्या नंबराला चष्म्याशिवाय समोरचा माणूस म्हणजे नुसता डाग. म्हणजे फोन धरलेला माणूस आपलं चित्र घेतोय हे तिला दिसतच नव्हतं. ती डोळे बारीक करून त्या डागाकडं बघत होती, कारण तो मदतीला आलाय असं तिला वाटत होतं. तो डाग विचारत होता, नाव काय, नाव काय तुझं. तिनं आईच्या आणि बापाच्या, दोन्ही आडनावांसकट सांगितलं, शाळेत हजेरीला सांगायची तसं. मग म्हणाली, ‘‘आमच्या घरी कुणीतरी फोन करा ना. म्हणावं, मला...’’ इथं तिचा श्वास अडकला, आणि ती थोडं थांबली, ‘‘...मला उशीर होईल. जेवायला थांबू नका.’’ एवढंच होतं. पुढं चित्र वेडंवाकडं झालं आणि संपलं.

फोन कुणी केला नव्हता. इस्पितळातून आला तो संध्याकाळी. त्या रविवारी ती दोघं ताटं मांडून बसून राहिली होती. सेनोबिया दोनदा म्हणाली होती, तू तरी खाऊन घे, आणि नेमेसिओ हट्टानं म्हणाला होता, पोर आल्याशिवाय घरात कुणी चमचा उचलायचा नाही. सुपावर साय धरली होती. ती उशीर करते म्हणून तो चिडला होता, आल्यावर काय काय बोलायचं ते त्यानं जुळवून ठेवलं होतं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं आणि सेनोबियानं कधी त्याची आठवण काढली नव्हती. आता त्याचे खांदे गदगदायला लागले. सेनोबियानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

मग ती म्हणाली, ‘‘मी रोज आधी जेवते आणि मग हे बघते. ती म्हणाली तसं. थांबत नाही.’’

‘‘मग हे ताट?’’

‘‘हे ती आली म्हणून. वाट बघायला नव्हे.’’ तिनं एका मेणबत्तीची वात सारखी केली. ‘‘उद्या ताट उचललं की त्या माणसाला सांग काढायला. निरोप द्यायचा तर सगळ्याच दारांतून द्यायला हवा. अर्धी इथून गेली आणि अर्धी तिथं रस्त्यावर बसून राहिली, असं नको.’’

‘‘आणि तू दुपारी काय करशील?’’

‘‘मला पाठ आहे,’’ सेनोबिया म्हणाली. ‘‘तुला नव्हतं, म्हणून दाखवलं.’’

त्या दुपारी नेमेसिओनं तो व्हिडिओ किती वेळा लावला ते त्याचं त्यालाच ठाऊक. जो पुसायला तो जग पालथं घालत होता, तोच आता त्याला सोडवेना. संध्याकाळी माणसं आली, प्रार्थना झाल्या, चिचा फिरली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ताट उचललं. रिवाजाप्रमाणं प्रत्येकानं काही ना काही नेलं, बाळं, कबुतरं, शिडीची एकेक पायरी, आणि काळं कापड उघडं पडलं. शेवटचं माणूस गेल्यावर सेनोबियानं फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. ग्रोव्हरचा आवाज अजून सर्दीचाच होता. काढू ना काका, त्यानं विचारलं. नेमेसिओनं एका हातानं ते काळं कापड गोळा केलं. मग तो म्हणाला, ‘‘काढ.’’ पलीकडं थोडं खुडबुडलं. ग्रोव्हर म्हणाला, गेलं.

नेमेसिओ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. सेनोबिया दोन ताटं वाढत होती. ‘‘काय म्हणाली होती ती?’’ त्यानं विचारलं. ‘‘एकदा सांग.’’

तिनं पळी खाली ठेवली. ‘‘आमच्या घरी कुणीतरी फोन करा ना,’’ ती म्हणाली, मागालीच्याच चालीत. ‘‘म्हणावं, मला...’’ आणि जिथं मागालीचा श्वास अडकला होता तिथं ती तेवढीच थांबली. ‘‘...मला उशीर होईल. जेवायला थांबू नका.’’

मग ती दोघं जेवायला बसली.